दादारावचा पुढचा दात

सौंसरच्या लग्नांत नवरीपेक्षा जास्त डोळे बँडवाल्या दादारावच्या क्लॅरनेटकडं लागतात, असं लोक म्हणत. म्हणजे दादाराव म्हणे, पण ते अगदीच खोटं नव्हतं. १९८६च्या मार्चात त्याच्या वरच्या पुढच्या दातापाशी हिरडीवर फोड आला आणि त्यातून पू वाहू लागला. फुंकताना क्लॅरनेटवर हाच दात टेकवावा लागे. दात गेला असता तर वाजवणंही गेलं असतं, आणि वाजवणं सोडून आपण कोण, हे दादारावला ठाऊकच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यानं याच दाताचं रूट कॅनाल करवलं होतं. नागपूरच्या डॉक्टरनं माझा दात बिघडवला, असं तो पार रामाकोन्यापर्यंत सांगत फिरला होता. आता त्याच डॉक्टरकडं कुठल्या तोंडानं जाणार? म्हणून बायको इंदू त्याला छोट्या लाइनीच्या आगगाडीनं नागपुरातल्याच एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

बाईंनी एक्सरे काढला. मूळ तडकलेलं नव्हतं. आधीचं काम नीट पुरं होऊनही बिघडलं असेल तर दात काढलेलाच बरा, पण अर्धवट राहिलं असेल तर पुन्हा करून बघू, असं त्या म्हणाल्या. पुरं झालं होतं का, हे एक्सरेत नीट कळत नव्हतं, म्हणून त्यांनी दादारावलाच विचारलं.

तो हो म्हणणारच होता. इंदू नुसती त्याच्याकडं पाहत राहिली.

"नाही जी," तो मान खाली घालून म्हणाला. "दोनदा गेलो. दुखणं थांबलं, अन् लग्नसराई लागली. मंग गेलोच नाही. त्या डॉक्टरले उगाच बदनाम करून राहिलो मी."

बाई रागावल्या नाहीत. चार खेपा घालाव्या लागतील आणि आजपासून दीड महिना फुंकायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं. दादारावनं बोटांवर दिवस मोजले. चौदा एप्रिल नेमकी मध्ये येत होती. सतरा वर्षांत बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक त्याच्या क्लॅरनेटवाचून निघाली नव्हती. जयंती होऊन जाऊ द्या, मग सुरू करू, असं त्यानं विनवून पाहिलं. तोवर दाताखालचं हाड आणखी पोखरलं जाईल, बाईंनी साफ सांगितलं.

"करा सुरू," शेवटी तो म्हणाला.

जयंतीला क्लॅरनेट बँडातल्याच हिरामणनं वाजवलं. दादाराव मागं झांजा घेऊन चालला. हिरामण दोनदा चुकला, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक दरवर्षीइतकेच नाचले. आपल्यावाचून काही अडलं नाही, याचं दादारावला फार वाईट वाटलं. घरी येऊन तो जेवलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी शेवटची खेप होती. इंदूनं हाक मारायच्या आधीच तो आंघोळ करून दाराशी उभा होता.