होडीत तीस, वहीत सहा

सरकारी निळा रंग पाहिला की माझं डोकं आजही सणकतं. नाशिकमध्ये एखाद्या कचेरीचं फाटक त्या रंगाचं दिसलं, की माझा मुलगा म्हणतो, "आई, झालं का तुझं सुरू?" होतं सुरू. काय करू? त्या रंगाची एक लाँच मी पाच वर्षं चिखलात बसलेली पाहिली, आणि तिच्यापायी एका हुशार पोरीची शाळा सुटली. त्या सुटण्यात माझाही हात होता. म्हणून तर राग उतरत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एकवीस वर्षांची, नुकतीच डी.एड. झालेली. पहिली नेमणूक मिळाली ती धरणापलीकडच्या गावात. पूर्वी तिथे साधी नदी होती. धरण झालं, पाणी फुगून मागे पसरलं आणि गाव पलीकडे एकटं पडलं. नाशिकहून एसटीने दीड तासावर अलीकडचं बाजाराचं गाव. तिथे मी खोली घेतली. हायस्कूल, दवाखाना, बाजार सगळं या काठाला. पलीकडे फक्त आमची सातवीपर्यंतची शाळा. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून सरकारी होडी. मी रोज सकाळी होडीने शाळेत जायची आणि संध्याकाळी होडीनेच परत यायची.

होडी चालवणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणायची. त्यांचा बाप, आजा याच पाण्यावर होडी चालवत आलेले. धरण झाल्यावर होडी सरकारने ताब्यात घेतली आणि मामांना रोजंदारीवर ठेवलं. एक खाकी टोपी दिली, तिकिटांचं पुस्तक दिलं आणि एक जाडजूड नोंदवही दिली. मामांना सहीपुरतं लिहिता यायचं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. शाळा सुटली की होडीत टोकाला बसून डब्याने आत झिरपलेलं पाणी बाहेर टाकायची आणि तोंडाने पाढे म्हणायची. तिला आठवीला अलीकडच्या हायस्कूलमध्ये घालायचं, हे मामांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. त्या गावातून तोवर एकही मुलगी आठवीला गेली नव्हती.

आता त्या लाँचचं ऐका. मी रुजू झाले त्याच वर्षी ती ट्रकवर बसून आली. चाळीस माणसं बसतील अशी, वर ताडपत्रीचं छत. गावाने ओवाळलं, नारळ फोडला. मग कळलं की लाँच मंजूर झाली, पण ती चालवणाऱ्याची जागा मंजूर नाही. दुसऱ्या वर्षी डिझेल मंजूर झालं. चालक नाहीच. तिसऱ्या वर्षी चालक आला, तोवर इंजिनात पाणी शिरून ते जाम झालं होतं. तो बिचारा वर्षभर काठावर बिड्या ओढत बसला आणि बदली करून घेऊन गेला. दुरुस्तीचे पैसे यायचे ते मार्चमध्ये, एकतीस तारखेच्या आत संपवायचे म्हणून. मार्चमध्ये पाणी उतरलेलं असायचं, लाँच चिखलात. मग चार माणसं यायची आणि तिला निळा रंग देऊन जायची. दरवर्षी! इंजिनाला कोणी हात लावायचं नाही, कारण रंगाचे पैसे वेगळे आणि इंजिनाचे वेगळे. आणि हा सगळा खर्च कुणाच्या नावावर? होडीच्या. मामा वल्हं मारून मारून खांद्यातून गेले होते, तिकडे कागदावर त्यांची होडी लाखाच्या घरात पोचली होती.

पण खरी गोम तिकिटांत होती. गावातला कुणीही माणूस तिकीट काढायचा नाही. फुकटे होते म्हणून नव्हे. सुगी झाली की घरटी पायलीभर बाजरी मामांच्या घरी पोचायची, त्यांच्या बापाच्या काळापासून. गावाच्या हिशेबी वर्षाचं होडीभाडं तिथेच फिटलं. तिकीट काढायचे ते परके लोक. मी, आमचे हेडमास्तर, नर्सबाई, बांगड्या विकणारा, असे पाच-सहा जण.

मला ही बाजरी डोळ्यांत खुपायची. का खुपायची, तेही सांगते. आम्ही बौद्ध. माझे वडील ओझरला कारखान्यात कामाला लागले त्याआधी त्यांच्या बापाने गावकीत दारोदार फिरून भाकरी गोळा केलेली. आमच्या घरात बलुतं हा शब्द शिवीसारखा होता. वडील म्हणायचे, काम केलं तर पगार घ्यायचा, पावती घ्यायची, कुणाच्या ओट्यावर उभं राहायचं नाही. तेच मी मामांना ऐकवायची. "मामा, तुम्ही आता सरकारी माणूस. बाजरी कसली घेता? तिकीट मागा ताठ मानेने."

एकदा माझ्या आग्रहाखातर त्यांनी मागितलं. बाजाराचा दिवस होता. एका म्हातारीपुढे त्यांनी तिकिटाचं पुस्तक धरलं तर ती अशी काही कडाडली! "आरं, तुझ्या बापाला दिलं, तुला बी देतो, आन् आता कागुद दाखवतो व्हय रं? बाजरी गोड लागली ना खाताना?" अख्खी होडी हसली. मामा लाजून चूर. "बाई," ते मला हळूच म्हणाले, "ज्येंच्या घरचं खातो त्येंच्याकडं हात कसा करू?" पुन्हा त्यांनी पुस्तक काढलं नाही.

नोंदवही मात्र माझ्या हातात आली. संध्याकाळच्या खेपेला मामा ती माझ्या मांडीवर ठेवायचे आणि मी लिहायची. तारीख, खेपा, प्रवासी. माझं अक्षर वळणदार, मला त्याचा तोरा होता. पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "तीस लिवा, बाई. जास्तच आस्तील."

"तिकिटं किती फाटली?"

"सा."

"मग सहा. तिकीट नाही तर प्रवासी नाही. सरकारी वहीत खोटं लिहायचं नसतं, मामा."

आपण केवढ्या सचोटीच्या, असं वाटलं होतं मला तेव्हा. पाच वर्षं मी रोज त्या होडीत दाटीवाटीने बसले, कुणाची कोंबडी माझ्या पदराला चोच मारतेय, कुणाचं बाचकं पायावर, आणि मांडीवरच्या वहीत सुंदर अक्षरात लिहीत राहिले: सहा. पाच. सहा. सात.

मामांची मुलगी सातवीत गेली त्या हिवाळ्यात तपासणी आली. कुठे कुठे सरकारचा पैसा वाया जातो ते शोधायला एक साहेब नेमले होते. चांगली गोष्ट. मला तर आनंदच झाला, म्हटलं आता लाँचचा निकाल लागेल. साहेब बाजाराच्या दिवशी आले. आमच्याबरोबर होडीत बसले, बूट भिजू नयेत म्हणून काढून मांडीवर घेऊन. होडी गच्च भरलेली. एका बाईची शेळी साहेबांच्या कोटाचा वास घेत होती. साहेबांनी वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाले, "अक्षर कुणाचं? फार सुंदर आहे."

मी फुलले. खोटं कशाला बोलू!

मग ते म्हणाले, "रोज सहाच माणसं? एवढ्यासाठी एवढा खर्च?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही स्वतः बघताय ना? मोजा की. तीसच्या वर आहेत."

"मी बघतोय, बाई. पण मला वहीला धरून लिहावं लागतं." त्यांनी त्या तीस माणसांच्या मधोमध, शेळीला कोपराने ढकलत, वहीत शेरा लिहिला की या सेवेचा वापर नगण्य आहे. खाली सही केली. काठ येताच उतरले आणि निघून गेले. तिकीट त्यांनीही काढलं नाही. त्या दिवशी वहीत पाच जण होते.

मार्चमध्ये लाँचला रंग लागला आणि त्याच आठवड्यात होडी जूनपासून बंद करण्याचा आदेश आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रजा टाकून मी नाशिक गाठलं, मोठ्या कचेरीत जाऊन हेडक्लार्कपुढे उभी राहिले. वयस्कर माणूस, बोलायला मऊ. मी तावातावाने सगळं सांगितलं. होडी रोज भरते, गाव तिच्यावर जगतं, हवं तर सगळ्या गावाच्या सह्या आणते.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बसा. सह्या आणा, मी पुढे पाठवतो. पण मग मला विचारतील, तीस माणसं बसत होती तर तिकिटं सहाच कशी?"

मी बाजरीचं सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी काय बोलून बसले.

"म्हणजे सरकारी होडीवर बसवून हा माणूस लोकांकडून धान्य घेत होता," ते म्हणाले. "बाई, याला अपहार म्हणतात. त्याला आत टाकतील, आणि वही लिहिणारीला पण बोलावतील. तुम्ही काय म्हणता ते मला कळतंय हो. पण एक तर होडीला माणसं नव्हती, नाही तर होडीवाला चोर. तिसरं काही लिहायला आमच्या फॉर्मात रकाना नाही."

"आणि लाँचवरचा खर्च?"

"तो नियमात आहे."

मी जिना उतरून खाली आले आणि रस्त्यावर उभी राहून रडले. अंगाची नुसती लाही झाली होती. भांडावं तर कुणाशी? त्या हेडक्लार्कने मला चहासुद्धा पाजला होता!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या खेपेला परतीचं कुणी नव्हतं. होडीत मामा, त्यांची मुलगी आणि मी. मी मामांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं.

"म्हंजी मी चोर हाय आसं लिवलं, तं होडी ऱ्हाईल?"

"राहीलच असंही नाही. राहू शकेल. आणि लिहायचं तर मी लिहीन, मामा, वही माझ्या हातची आहे. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

हे बोलले खरी. पण घरी वडील नुकतेच निवृत्त झाले होते, दोन धाकट्या भावांची शिक्षणं माझ्या पगारावर होती. मामांनी "लिवा" म्हटलं असतं तर मी खरंच लिहिलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

"नका लिवू," ते म्हणाले. "मी आत गेलो तं हिच्याकडं कोन बघंल? आन् ही साळंत गेली तरी पोरं हिला चोराची पोर म्हनतील."

मुलगी टोकाला बसून पाणी उपसत होती. तिने सगळं ऐकलं होतं. पाढे मात्र ती त्या दिवशी म्हणत नव्हती.

जूनमध्ये होडीला साखळी घालून कुलूप ठोकलं, वर लाखेचं सील. पाणी अजून कमी होतं, महिनाभर पोरगी परकर खोचून चालत हायस्कूलला आली. नव्या वह्या डोक्यावर धरून. जुलैत पाणी चढलं आणि ती यायची थांबली. मामांना रोजंदारीचा माणूस म्हणून सिन्नरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर पाठवलं, बिऱ्हाड घेऊन गेले. ज्या माणसाने जन्मात खडी पाहिली नव्हती तो खडी फोडायला गेला. माझीही बदली झाली. लाँच तिथेच होती, आणि पुढच्या मार्चमध्ये तिला रंग दिला गेला हे मला हेडमास्तरांनी पत्रातून कळवलं. ते पत्र मी फाडून टाकलं.

वर्षभराने असेल, मी एसटीने सिन्नरकडे चालले होते. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाडी थांबली. कडेला मुकादमाशेजारी दगडावर एक मुलगी बसली होती, मांडीवर हजेरीचे कागद. मान वाकडी करून, जीभ दातांत धरून लिहीत होती. लिहिण्याची ती तऱ्हा ओळखून मी खिडकीतून हाक मारली. ती पळत आली. उंच झाली होती, हातांना खडीचे चरे.

"बाई! मुकादमाला लिवता येत नाय नीट. माझं अक्षर चांगलं हाय म्हणून हजेरी मीच लिवते." तिने कागद वर धरून दाखवला. माझंच अक्षर. तसाच वळणदार 'र', तशीच लांब वेलांटी.

"छान लिहितेस गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"आन् बाई, मी समद्यांला लिवते," ती म्हणाली. "जो आला त्याला लिवते. एक बी मानूस सोडत नाय."

टोमणा नव्हता त्यात. शिकवलेलं पाठ झालंय की नाही ते बाईंना दाखवावं, तशी ती माझ्याकडे बघत होती. कंडक्टरने घंटी मारली.