चाकामागचा दगड

लोक मला विचारतात, संस्थानच्या नोकरीत काय मिळवलंत? डोंबल मिळवलं! पट्टा मिळाला, पगडी मिळाली आणि एका माणसापुढं जन्मभर मान खाली घालायची पाळी आली. ती कशी, तेच सांगतो.

तेव्हा मी जव्हारच्या घाटातल्या चौकीवर शिपाई होतो. मोटारी नव्यानंच येऊ लागल्या होत्या, त्याही संस्थानच्या पाहुण्यांच्या. बाकी रस्ता बैलगाड्यांचा. चढ असा, की बैल घडीघडी थांबणार. थांबले की गाडीवान उतरून चाकामागं दगड लावायचा, बैलांना दम घेऊ द्यायचा आणि निघताना दगड तिथंच ठेवायचा. मागून येणाऱ्या गाडीला तयार मिळावा म्हणून. तो उचलून बाजूला फेकणं म्हणजे मागच्याचं वाईट चिंतणं, असं ही डोंगरातली माणसं मानत. मोटारवाल्यांना हे कुठून कळणार? त्यांना वाटे, मुद्दाम वाटेत धोंडे टाकतात. मग नियम निघाला, रस्त्यात दगड सोडील त्याला धरा. आम्ही धरत सुटलो. गाडीला कंदील नाही, धरा. डावी बाजू सोडली, धरा. एवढ्याशा गोष्टीला सरळ कोठडी.

त्या आषाढात मोठी उघडीप पडली होती. ऊन नुसतं चटके देत होतं. कुणा पाहुण्याची मोटार घाटात एका दगडावर आदळली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, चाकाची हवा तेवढी गेली. पण पाहुणा असा तापला की विचारू नका. पुढच्या वळणावर एक गाडी चढत होती. मी धावत जाऊन गाडीवानाला धरलं आणि बघतो तर ओळखीचा! जामसरकडच्या पाड्यावरचा. गस्तीला गेलो की मी त्याच्याच ओट्यावर पथारी टाकायचो, त्याच्याच घरची नागलीची भाकर खायचो.

गाडीत आवण होतं, म्हणजे लावणीसाठी उपटलेली भाताची रोपं, जुड्या बांधून. त्याचं स्वतःचं आवण ओढ्यानं नेलं होतं, म्हणून घाटाखालच्या बहिणीकडून हे मागून आणलं होतं. गाडीत कोंबलेली रोपं त्या उन्हात किती टिकणार? फार तर दोन दिवस.

"दगड मीच ठेवला, दादा," तो म्हणाला. "मागं दुसरी गाडी व्हती ना." लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. "पण आज सोड. आवण लावतो नि आपणच येतो."

कसलं सोडतोय! चौकीवरच्या फौजदारांनी त्याला कोठडीत घातलं. बैल झाडाला बांधले आणि गाडी चौकीपुढं उभी केली, मुद्देमाल म्हणून. "रोपांवर पाणी तरी मारू का, साहेब?" मी विचारलं. "मुद्देमालाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

आणि योग बघा, दुसऱ्याच दिवशी सकाळी दरबारचा हुकूम आला. गाडी-रस्त्याच्या किरकोळ गुन्ह्यात यापुढं कुणाला अडकवून ठेवू नये. नाव-गाव लिहून घ्यावं आणि ओळख देणारा एक इसम असला की सोडून द्यावं. हुकूम चांगला होता, त्याला मी नावं ठेवत नाही. मनात म्हटलं, सुटला बिचारा. संध्याकाळपर्यंत रोपं चिखलात जातील.

फौजदारांनी कोठडीपुढं उभं राहून हुकूम वाचून दाखवला आणि विचारलं, "तुला ओळखणारं इथं कोण आहे?"

व्यापाऱ्याच्या गाडीवानाला ओळखणारे दहा निघाले असते. डोंगरातल्या माणसाला इथं कोण ओळखतो? त्यानं माझ्याकडं बघितलं. मग फौजदारही माझ्याकडं वळले. "काय रे, ओळखतोस याला?"

एक 'हो' म्हणायचं होतं, बास. पण गस्तीवर असताना कुणाच्या घरी जेवायचं नाही, असा चौकीचा दंडक होता. 'हो' म्हटलं की 'कसा ओळखतोस' आलंच. नोकरी डोळ्यांपुढं आली आणि मी म्हणालो, "नाही, साहेब."

'हा माझ्या घरी जेवतो' एवढं तो बोलू शकला असता. नाही बोलला. माझी नोकरी त्यानं राखली. आणि मी? शी! साधा निरोपसुद्धा त्याच्या घरी धाडला नाही. बाजाराहून परतणाऱ्या कुणीतरी तो पोचवला. चौथ्या दिवशी त्याची बायको त्यांच्या गावच्या पाटलाला घेऊन चालत आली. पाटलानं ओळख दिली, अंगठा उठवला, तो सुटला. तोवर जुड्या आतून तापून कुजल्या होत्या. वासानं गाडीजवळ उभं राहवत नव्हतं.

बाई गाडीत चढली. एकेक जुडी सोडून मधली हिरवी काडी शोधू लागली. कितीतरी वेळ शोधत होती. ओच्यात मावतील एवढी निघाली, ती तिनं ओल्या फडक्यात गुंडाळली. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा होतो. आता त्या पाण्याचं काय करायचं होतं?

बैल जुंपून तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता शिव्या घालील. घालाव्यात असंच वाटत होतं. पण फौजदारांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आवाज खाली घेतला.

"दादा, औंदा गस्तीला आलास तर दुसऱ्याकडं उतर," तो म्हणाला. "आमच्याकडं खायला नसंल."