मनवाच्या झोपेचं बटण

दुपारची वेळ. मनवाच्या पापण्या जड होतायत आणि मी तिच्याशेजारी फोन धरून पडलेय. तिचे डोळे मिटले की बटण दाबायचं, उघडले की पुन्हा दाबायचं. झोप मोजायचं हे ॲप निनादने घेतलंय. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो आधी आलेख बघतो, मग लेकीला. "आज पण तुटक झोपली?" असं विचारतो, जणू मीच तोडली.

माझ्याही पापण्या जड होतात.

पलंगाच्या पायथ्याशी आई बसलीय. मनवा जन्मायच्या आधीच गेलेली माझी आई. मांडीवर ताट घेऊन भेंडी चिरतेय.

"झोपली का गं?"

"थांब. बटण दाबायचंय."

"कसलं?"

"झोपेचं."

आई हसते. माझं डोकं फिरतं.

"हसू नकोस! सगळे मला विचारतात, तू लहानपणी कशी झोपायचीस? काय सांगू? बाबांना विचारलं तर म्हणतात, तुझ्या आईला ठाऊक."

आम्ही इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलोय. गाड्या उभ्या आहेत, आत माणसं गाढ झोपलेली. आई अजून भेंडीच चिरतेय.

"तुला झोपेचा राग यायचा, शमे. डोळे मिटायला लागले की मुठी आवळायचीस. मलाच ओरबाडायचीस. उठलीस तरी रागातच. कुणी उचललं की जास्तच."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? बसून राहायचे. तुझा राग संपेपर्यंत."

"मग आता का नाही बसलीस?"

स्टँड नाही. हॉस्पिटलचा लांबच लांब बोळ, आणि आई पुढे चाललीय. मी धावत तिला गाठते.

"गाठ होती हे मावशीला सांगितलंस. शेजारच्या देशपांडेकाकूंना सांगितलंस. मला नाही!"

"सातवा महिना होता तुला. काळजी लागली असती."

"लागू दे की! माझी काळजी होती ती. तू कोण ठरवणारी?"

"तुझी आई."

"मी फोनवर तुला डोहाळे सांगत होते. आंबट खावंसं वाटतंय म्हणून रडत होते. आणि तू केमोच्या खुर्चीत बसून हसत होतीस. मला किती मूर्ख बनवलंस, कळतंय का?"

"कळतंय."

"चुकलं म्हण."

आई माझ्याकडे नीट बघते. "नाही म्हणणार. परत वेळ आली तरी मी तेच करीन."

मी तिचा दंड धरते. जीव खाऊन. नखं रुतवते. मला तिला दुखवायचंय. ती हात सोडवून घेत नाही. त्या बोळातच खाली फरशीवर बसते, मलाही ओढून शेजारी बसवते. मी ओरडत राहते. घसा बसतो, शब्द संपतात, तरी ती बसलेलीच.

जाग येते तेव्हा खोलीत ऊन आत सरकलंय. फोन पलंगाखाली पडलाय. बटण दाबायचं राहिलंय. मनवा कधी झोपली, मधे उठली का, किती रडली, कुणालाच कळणार नाही.

राग आहे तसाच आहे.

माझ्या दंडावर नखांचे चार वळ उठलेत, बारीक, चंद्रकोरीसारखे. एकातून रक्ताचा ठिपका आलाय. त्या वळांशेजारीच मनवाच्या मुठीची नखं अजून घट्ट रुतलेली, आणि ती गाढ झोपलीय.

मी हात काढून घेत नाही.