मागून हाक आली नाही

नगरला काकांच्या भांड्यांच्या दुकानात वाढलो. तिथे शिकलेली घासाघीस पार ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गपर्यंत कामाला आली. घराचं भाडं, जुनी गाडी, वेअरहाउसमधली नोकरी, सगळं भांडून मिळवलं. फुकट मला कोणी काही दिलेलं नाही.

लॉकडाऊनमध्ये माझा इथल्या सरकारी कॉलेजातला बिझनेसचा डिप्लोमा संपला. शेवटचे विषय शिफ्ट सांभाळून, किचनच्या टेबलावर, झूमवर केले. त्याच्या जोरावर युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला बसायचं, डिग्री घ्यायची आणि फोर्कलिफ्टवरून उतरून ऑफिसात जायचं, असा बेत होता. त्यासाठी युनीने माझे आठ विषय झालेले म्हणून धरायला हवे होते. त्यांनी चारच धरले. कारण काय, तर आमच्या डिप्लोमात मार्क नसतात, फक्त ‘कॉम्पिटंट’ असा शेरा असतो. मी त्या विषयांसाठी सुट्ट्या घालवल्या होत्या. राग येणारच.

एरवी मी काउंटरवर जाऊन उभा राहिलो असतो. माणूस समोर असला की कुठे ताणायचं ते मला कळतं. पण कॅम्पस बंद होता. उरला फोन. पलीकडे एक बाई होती, घरून काम करणारी. मागे तिचं मूल रडत होतं.

“आठ होतात,” मी म्हटलं.

“आमच्या नियमात चार बसतात.”

“बरं, सहावर मिटवू.”

समोर बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

“सर, हे ठरवणं माझ्या हातात नाही.”

हे वाक्य प्रत्येक दुकानदार म्हणतो. त्यावर काय करायचं हे मला लहानपणापासून माहीत. दुकानाची पायरी उतरायची. “मग राहू द्या. दुसरी युनी मला आठ देतेय. काढून टाका माझा अर्ज.”

दुसऱ्या युनीने अजून उत्तरही दिलं नव्हतं.

“नो वरीज,” बाई म्हणाली. “आत्ताच मागे घेते. आणखी काही मदत हवीय?”

मी गप्प राहिलो. पायरी उतरल्यावर हळू चालायचं असतं, दुकानदाराला हाक मारायला वेळ द्यायचा असतो. कीबोर्डची टकटक तेवढी ऐकू आली. मग “हॅव अ लव्हली आर्व्हो” अशा दुपारच्या शुभेच्छा देऊन तिने फोन ठेवला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“येईल तिचा फोन.”

“कशाला येईल?”

“हातचं गिऱ्हाईक कोणी सोडतं का?”

“अरे, ती पगारावर आहे. तू गेलास काय, राहिलास काय, तिचा चहा तेवढाच गोड.”

फोन आला नाही, ईमेल आला. अर्ज मागे घेतल्याची नोंद झाली होती. दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये मी फोन लावला आणि मालाच्या रॅकमागे उभा राहून त्यांचं संगीत ऐकत राहिलो. शेवटी एक पोरगेला आवाज आला. प्रवेश बंद झाले होते. पुढच्या खेपेला नवा अर्ज, आणि विषयांची तपासणीही पुन्हा पहिल्यापासून.

“मग ते चार तरी ठेवा,” मी म्हटलं.

“ते त्या अर्जासोबत गेले, मेट.”

मी आवाज चढवला. अशाने फोन ठेवावा लागेल, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. तेव्हा माझ्या तोंडून “प्लीज” निघालं. दोनदा. त्याचाही उपयोग झाला नाही. सुपरवायझरने हाक मारली, मी परत फोर्कलिफ्टवर चढलो.

बायकोने त्यावर पुढे एक अक्षर काढलं नाही. ते जास्त लागलं. दुसऱ्या युनीचा नकार आला तेव्हाही ती नुसती पोळ्या लाटत राहिली.

ते आठही विषय माझे होते, असं मी आजही म्हणतो. पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज केला. डिप्लोमा तोच, कागद तेच. फोनवर कोणी तिसरंच होतं. या वेळी त्यांनी तीन धरले.

का, ते मी विचारलं नाही. थँक यू म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत कानाला लावून बसलो.