माझ्यानंतर बदललेले ग्लोव्हज

"हात भिंतीवर. पाय लांब लांब ठेव," केतकी म्हणाली.

कोठडी खोटी होती. इथे परदेशात, विंडसरमधल्या आमच्या कॉलेजात, तुरुंगात नोकरी करू पाहणाऱ्यांना शिकवायला बांधलेली. त्या दिवशी अंगझडती होती. मुलींची मुलींनी घ्यायची. केतकी अधिकारी, आम्ही रांगेने कैदी.

केतकी पुण्याची. वर्गात मराठी आम्ही दोघीच. बसमध्ये शेजारी बसायचो. तिचा पराठा मी खायचे, माझी वांग्याची भाजी ती. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. तिने विचारून पाहिलं होतं. मी फक्त 'नागपूर' म्हटलं होतं.

तिचा हात कॉलरपाशी थांबला. निळ्या दोऱ्यातलं लॉकेट बाहेर आलं. आईने दीक्षाभूमीवरून आणलेलं.

"अय्या, जयभीम का तुम्ही?" ती हळूच हसली. "वाटत नाहीस गं."

मी भिंतीकडे बघत राहिले. मागे रबर ताणल्याचा आवाज आला. वळले तर ती ग्लोव्हज काढून कचऱ्यात टाकत होती. झडती अर्धीच झाली होती. आधीच्या सगळ्या मुली तिने त्याच जोडीवर तपासल्या होत्या. पुढच्या सगळ्या नव्या जोडीवर तपासल्या. बदलले ते फक्त माझ्यानंतर.

"गुड हायजीन," इन्स्ट्रक्टर म्हणाली.

मी वॉशरूममध्ये जाऊन हात धुतले. का धुतले, माहीत नाही. आईबाबांनी पोटाला चिमटा काढून मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, ते हे माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून. पोचलं. इथेही पोचलं.

पुढच्या आठवड्यात मी अधिकारी. केतकी भिंतीकडे तोंड करून. तिच्या गळ्यात गणपती होता.

"तो तूच बाहेर काढ. मी ओढणार नाही," मी म्हणाले. देवाधर्माची वस्तू कैद्यानेच काढायची, असा नियमच आहे. मग पूर्ण झडती घेतली. काही सोडलं नाही. आणि तेच ग्लोव्हज घालून पुढच्या मुलीकडे वळले.

"ग्लोव्हज बदल," इन्स्ट्रक्टर म्हणाली.

"नाही."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. विचारल्याशिवाय मी तिथे कधी बोलले नव्हते. तरी इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. लॉकेट. कचऱ्यातले ग्लोव्हज. जात.

केतकी मराठीत म्हणाली, "अगं, सहज बदलले मी. तुम्ही लोक ना, इथेपण तेच घेऊन येता!"

"मी लॉकेट आणलं," मी म्हणाले. "जात तू आणलीस."

इन्स्ट्रक्टरने पुढच्या मुलीला बोलावलं. बस, एवढंच.

आता बसमध्ये शेजारची सीट रिकामी असते. भाजी मी एकटीच खाते. तिच्या पराठ्याची आठवण येते. येते, काय करू.

उद्या खऱ्या तुरुंगात खरं माणूस असं उभं असेल. आपल्या पाठीमागे काय चाललंय, ते त्याला दिसणार नाही. मला दिसेल. तिथे कुणी असे ग्लोव्हज काढून टाकले, तर मी भिंतीकडे बघत राहणार नाही.