परत दिलेला लंगोट

हे मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्या मारुतीपुढे रोज दिवा लावतो त्याच्याजवळही नाही. आज तुम्ही समोर बसलात म्हणून — बघू, जमतं का.

गांधीबागेच्या मागे आमचा आखाडा. मी तिथला वस्ताद. कुस्ती शिकवायची, आणि कोणाचं हाड सरकलं तर बोटांनी चाचपून बसवायचं, ही दोन्ही कामं वस्तादाचीच. डॉक्टरपेक्षा लोकांचा माझ्या बोटांवर विश्वास जास्त. केवढा गर्व होता मला या बोटांचा!

नागपूर अजून राजधानी होतं, तेव्हाची गोष्ट. सुखदेव हा कोष्टी विणकराचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. त्या हंगामात दसऱ्यापासून होळीपर्यंत एक कुस्ती जिंकला नाही. जिथे उतरला तिथे पाठ टेकली. लोक म्हणायचे, याने कुस्ती सोडून बापाच्या मागावर धोटाच फेकावा. एकदा मीही हसलो होतो — तेही सांगून टाकतो.

आमच्या आखाड्यात कुस्ती सोडणारा आपला लंगोट धुऊन, घडी घालून मारुतीच्या पायाशी ठेवतो. नारळ फोडला की सुटला. होळीनंतर एका सकाळी सुखदेव तसा आला. डोळे सुजलेले.

"वस्ताद, माह्यात दमच नाही. पाय ऐन वक्तावर दगा देते. आता बापासंग मागावर बसतो."

मी त्याला बसवलं, गुडघा चाचपला. आणि — कसं सांगू? — वाटी बोटांखाली सरकत होती. दम भरपूर होता हो पोरात, गुडघा गेला होता. एवढं एक वाक्य बोललो असतो तर तो ताठ मानेनं घरी गेला असता. मागावर बसला असता, बापासारखी लुगडी विणली असती.

मी काय बोललो?

"काही नाही झालं गा तुले. एका सालात हारून गेला काहून? तेल लाव. नागपंचमीपर्यंत जोर कर, मी सांगून राहिलो ना."

आणि लंगोट उचलून त्याच्या हातात परत दिला. काय उजळला त्याचा चेहरा!

का केलं मी असं? माझ्या पुतण्याची नागपंचमीला मोठी कुस्ती ठरली होती. रोजच्या सरावाला त्याच्या वजनाचा जोडीदार हवा होता, आणि तेवढ्या वजनाचा सुखदेव एकटाच. बस, एवढंच. आपल्याच पोळीवर तूप ओढलं. वर पोराला धीर देणारा वस्ताद म्हणून माझं नाव झालं — तेही मी मिरवलं.

आषाढात सरावातच, पुतण्याच्या अंगाखाली, तो गुडघा कायमचा मोडला. आवाज मी ऐकला. बसवायला धावलो — काय बसवणार होतो?

पुतण्या जिंकला, फेटा बांधून घरी आला. सुखदेवला मागाच्या खड्ड्यात उतरता येत नाही, पायाने पावडी दाबता येत नाही. कोष्ट्यांच्या घरात कांड्या भरायचं, म्हणजे विणायचं सूत कांड्यांवर गुंडाळायचं, काम बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं. त्यांच्यात बसून तो कांड्या भरतो. लग्न जुळलंच नाही.

गेल्या नागपंचमीला त्याच्या दारावरून चाललो होतो. मला बघून काठी धरून उठला. पाया पडायला वाकता येईना, तरी धडपडला.

"तुम्ही तं लय धीर देला, वस्ताद," म्हणाला. "माह्यातच दम नव्हता."

मी "हो" म्हणालो, आणि पुढे निघालो.