चऱ्होली ते चाकण, एका लाल दिव्याच्या मागे

या ब्लॉगवर आजवर दिवेआगर झालं, भंडारदरा झालं. या वेळी चऱ्होली ते चाकण. हसू नका, वाचा. सायकलला दिवे घ्यायचे असतील तर उपयोगी पडेल.

झालं असं, की आमच्या ह्यांना पोट कमी करायचं वेड लागलं. कंपनीची बस सोसायटीच्या दारात येते, तरी स्वारी चाकणला पहिल्या शिफ्टला सायकलवर! थंडीत त्या वेळी मिट्ट काळोख असतो. एकदा एक कंटेनर इतका घासून गेला, की ह्यांची टोपी रस्त्यावर आणि माझा जीव टांगणीला. मी सायकलला कुलूप घातलं आणि अट सांगितली. चांगले दिवे घ्यायचे, मग एक दिवस मी माझ्या कामावर जायच्या स्कूटरवर मागून येणार. मागचा दिवा वाटेत दिसेनासा झाला, तर सायकल विकायची.

शनिवारी चिंचवडच्या दुकानात गेलो. ह्यांनी महिनाभर व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. मला बघायला आले तेव्हाही एवढे प्रश्न विचारले नव्हते. पुढच्या दिव्याचा उजेड, बॅटरी, काच, सगळी चौकशी झाली. मागच्यासाठी म्हणाले, "एखादा साधा टाका."

"पुढचा तुम्हाला रस्ता दाखवतो, मागचा ट्रकवाल्याला तुम्हाला दाखवतो," मी म्हणाले. "खर्च मागच्यावर करा."

दुकानदार म्हणाला, "वहिनींना उद्यापासून गल्ल्यावर बसवतो."

तर मंडळी, पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही चार्जिंगचे आणि पावसात टिकणारे घ्या. पुढचा जरा खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपवू नका. मागचा घेण्याआधी कुणाच्या तरी हातात देऊन त्याला रस्त्यापलीकडे उभं करा. मी ह्यांना उभं केलं, तर शेजारचा पाणीपुरीवाला विचारतो, "साहब, रोड बंद है क्या?" तोच दिवा घेतला. पुढचा मात्र सारखा उघडझाप करणारा ठेवायचा, हा ह्यांचा हट्ट. स्टायलिश दिसतो म्हणे.

सुट्टीच्या दिवशी पहाटे निघालो. डुडुळगाव, मोशी, तिथून नाशिक रोड. मोशीपर्यंत आरामात जाता येतं, पुढे ट्रेलर आणि खड्डे दोघंही तुम्हाला शोधत असतात. लाल दिवा मात्र लांबून लखलखीत दिसत होता. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं. सायकल विकायचं मी मनात ठरवून टाकलं होतं.

चिंबळी फाट्याला एक ट्रेलर वळायला आडवा लागला. तो हलेपर्यंत बऱ्याच गाड्या कडेनं मला ओलांडून पुढे निघून गेल्या. रस्ता मोकळा झाला आणि समोर लाल दिवा नव्हता.

कुरुळीजवळ कडेला कुठल्याशा कंपनीची बस थांबलेली दिसली. दार उघडं, दोघं-तिघं बाहेर डोकावतायत. ह्यांना धडकली की काय! स्कूटर कशीबशी उभी केली, तेवढ्यात ड्रायव्हरचा आवाज आला.

"अवो भाऊ, चढा की! बत्ती दावली म्हणून थांबलो न्हवं?"

ह्यांनी मागे वळून पाहिलं तर मी दिसेना, म्हणून ते सायकल उलटी फिरवून उभे होते. पुढचा दिवा आपला उघडझाप करतोय. इकडे काळोखात बस थांबवायची असली, की कामगार मोबाइलचा टॉर्च हलवतात. ड्रायव्हरला वाटलं, शिफ्टचा माणूस राहिला!

आतून कुणीतरी ओरडलं, "सायकल टपावर टाका राव, पण चला! हजेरीचं पंचिंग हुकंल!"

मी हसू की रडू, अशी उभी. ड्रायव्हरचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ताई, मघाची स्कूटर तुमचीच ना? मागचा लाइट बंद हाय. दिसतच न्हाई काय. दोनदा ब्रेक दाबला म्या."

वळून पाहिलं. खरंच बंद. बस गेली. ह्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी सायकलचा लाल दिवा काढला आणि माझ्या स्कूटरच्या मागे बांधला. मग सायकलला दिवा उरला नाही, म्हणून उजाडेपर्यंत टपरीवर बसलो. पोहे बरे होते, चहा जास्तच गोड.

"तू दिसेनास आणि नको नको ते मनात यायला लागलं," ते म्हणाले. "तुला रोज असं होतं?"

"रोज."

मग चाकणला गेलो. बाजारात कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या. मिसळ खाल्ली. ती तिखट आहे, सांगून ठेवते. परतताना मोशीत स्कूटरचा बल्ब बदलला.

घरी आल्यावर ह्यांनी सायकल पुसली, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. "पहिल्या शिफ्टला बसनं जाईन."

मी किल्ली परत दिली. "एवढे दिवे काय देवघरात लावायचे? जा सायकलवर. पोचलात की मिस्ड कॉल द्या."

"बरं. तूही कामावर पोचलीस की दे."

पंधरा वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच मागितलं. तेव्हापासून मीही देते.